तोंडाचा-घशाचा कॅन्सर उलटला तर : ‘किती दिवस?’ याआधी विचारायचे प्रश्न

तोंड, जीभ, घसा किंवा स्वरयंत्राच्या कॅन्सरवर उपचार होऊन काही महिने किंवा वर्षं गेलेली असतात. मग एक दिवस जुन्या जागी पुन्हा जखम दिसते, किंवा मानेत गाठ लागते. तपासणीचा रिपोर्ट येतो आणि घरचे लोक रुग्णाला बाहेर बसवून डॉक्टरांना विचारतात, ‘आता किती दिवस?’

प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. पण त्याचं उत्तर एका आकड्यात दिलं, तर ते बहुतेक वेळा दिशाभूल करणारं ठरतं. ‘कॅन्सर उलटला’ हे शब्द दोन रुग्णांना सारखेच लागू होतात, पण त्यातला एक पुन्हा उपचार घेऊन पुढची अनेक वर्षं जगू शकतो आणि दुसऱ्याच्या हातात काही महिनेच असतात. हा फरक नशिबाचा नसतो. त्यामागे ठरावीक कारणं असतात आणि ती रुग्णाला व घरच्यांना समजावून सांगता येतात. माझं मत असं आहे, की ही कारणं समजून घेतल्याशिवाय ‘आता काही करू नका’ हा निर्णयही घेऊ नये आणि ‘काहीही करा, पण वाचवा’ असंही म्हणू नये. आपल्याकडे दोन्ही चुका रोज होतात.

उलटणं म्हणजे नेमकं काय?

रोजच्या बोलण्यात आपण तीन वेगळ्या गोष्टींना ‘परत आला’ म्हणतो.

पहिली गोष्ट, कॅन्सर पूर्ण गेलेलाच नव्हता. उपचार संपल्यावर काही आठवड्यांतच गाठ पुन्हा वाढताना दिसते. दुसरी गोष्ट, कॅन्सर दिसेनासा झाला होता, पण मागे राहिलेल्या काही पेशींतून तो त्याच जागी, मानेतल्या गाठींमध्ये किंवा फुप्फुसासारख्या लांबच्या अवयवात पुन्हा वाढला. खऱ्या अर्थाने उलटणं म्हणतात ते हेच. तिसरी गोष्ट, हा जुना कॅन्सर नसून दुसराच, नवा कॅन्सर असतो.

तिसरी शक्यता अनेकांना माहीत नसते. तंबाखू, सुपारी, विडी-सिगारेट आणि दारू यांचा मारा तोंडाच्या एकाच कोपऱ्यावर होत नाही, सगळ्या अस्तरावर होतो. स्लॉटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्येच दाखवून दिलं होतं, की गाठीच्या आजूबाजूचं वरून चांगलं दिसणारं अस्तरही आतून बिघडलेलं असतं. म्हणून उजव्या गालाचा कॅन्सर बरा झाल्यावर सहा वर्षांनी डाव्या गालात कॅन्सर झाला, तर तो बहुधा नवा असतो. लहान असताना सापडला तर त्यावर नव्या कॅन्सरसारखेच, बरं करण्याच्या हेतूने उपचार करता येतात. ‘परत आला, म्हणजे संपलं’ असं समजून घरी बसलेला रुग्ण ही संधी घालवतो.

आणखी एक लक्षात ठेवा. रेडिएशननंतर तोंडात दिसणारी प्रत्येक जखम कॅन्सरची नसते. किरणांमुळे जबड्याचं हाड कमकुवत होऊन उघडं पडू शकतं आणि त्याची जखमही महिनोन् महिने भरत नाही. रेडिएशन संपल्यावर लगेच पेट स्कॅन केला, तर सूज आणि दाहसुद्धा कॅन्सरसारखे चमकतात. म्हणून हा स्कॅन साधारण १२ आठवड्यांनी करतात. शक्य असेल तिथे तुकडा तपासल्याशिवाय, म्हणजे बायोप्सीशिवाय, कॅन्सर उलटल्याचा शिक्का मारून घेऊ नका.

पुढचं आयुष्य कशावर ठरतं?

किती काळाने उलटला. रेडिएशन-केमोथेरपी संपल्यावर सहा महिन्यांच्या आत कॅन्सर परतला, तर त्या पेशींनी उपचाराला दाद दिली नाही असा अर्थ होतो. असा आजार चिवट असतो. दोन वर्षांनंतर परतलेला कॅन्सर तुलनेने संथ असण्याची शक्यता जास्त असते, आणि शरीराच्या ऊतींनाही सावरायला वेळ मिळालेला असतो.

कुठे उलटला. स्वरयंत्रातला कॅन्सर रेडिएशननंतर उलटला, तर स्वरयंत्र काढून अनेकांना बरं करता येतं. आवाज जातो, पण जीव वाचू शकतो आणि पुढे कृत्रिम व्हॉल्व्ह बसवून बोलताही येतं. अन्ननलिकेच्या तोंडाशी, घशाच्या खालच्या भागात उलटलेला कॅन्सर मात्र अवघड असतो. महाराष्ट्रात सर्वांत जास्त त्रास देणारी जागा म्हणजे गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच, जिथे तंबाखूची किंवा खर्ऱ्याची गोळी धरली जाते. इथला कॅन्सर मागे सरकत चावण्याच्या स्नायूंत शिरतो, तोंड उघडेनासं होतं. तो कवटीच्या तळाकडे गेला, की शस्त्रक्रियेने पूर्ण काढणं कठीण होतं. कॅन्सर फुप्फुसात किंवा हाडांत पसरला असेल, तर सहसा आयुष्य वाढवणं आणि त्रास कमी ठेवणं हे उपचाराचं उद्दिष्ट बनतं.

किती पसरल्यावर सापडला. हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. अमेरिकेतले सर्जन गुडविन यांनी २००० साली उलटलेल्या कॅन्सरवरच्या शस्त्रक्रियांचा मोठा आढावा घेतला. आधीचे अनेक अभ्यास एकत्र केल्यावर असे सुमारे ३९ टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात होते. त्यांनी स्वतः पाहिलेल्या रुग्णांत फरक आणखी स्पष्ट होता. उलटलेला कॅन्सर पहिल्या टप्प्यात सापडला, तर शस्त्रक्रियेनंतर दोन वर्षांनी ७३ टक्के रुग्ण कॅन्सरमुक्त होते. चौथ्या टप्प्यात सापडला, तर फक्त २२ टक्के. दोन्ही गटांत आजार उलटलेलाच होता. फरक होता तो किती वाढल्यावर हाती लागला याचा.

आधी कोणते उपचार झाले. पहिल्या वेळी फक्त शस्त्रक्रिया झाली असेल, तर आता रेडिएशनचा पर्याय शिल्लक असतो. आधी पूर्ण डोस दिला असेल, तर त्याच जागी पुन्हा रेडिएशन देणं जोखमीचं असतं, पण निवडक रुग्णांत ते करता येतं. अमेरिकेतल्या अनेक रुग्णालयांनी मिळून २०१८ मध्ये अशा रुग्णांची माहिती मांडली. पहिल्या रेडिएशनला दोन वर्षं उलटून गेलेली आणि गाठ शस्त्रक्रियेने काढता आलेली, अशा रुग्णांपैकी सुमारे ६२ टक्के लोक दोन वर्षांनंतर जिवंत होते. दोन वर्षं झालेली नाहीत आणि श्वासासाठी गळ्यात किंवा जेवणासाठी पोटात नळी आहे, अशांमध्ये हे प्रमाण सुमारे १७ टक्के होतं.

पहिला उपचार नीट होणं किती मोलाचं आहे, हे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २०१५ मध्ये दाखवलं. तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ दिसत नसतानाही मानेतल्या लसिका ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या, तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. ‘गाठ आली तर बघू’ म्हणून थांबलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होतं. म्हणजे उलटल्यावर केलेली शस्त्रक्रिया पहिल्या वेळच्या शस्त्रक्रियेची भरपाई पूर्णपणे करू शकत नाही.

कॅन्सरचा स्वभाव. पहिल्या शस्त्रक्रियेच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये बरंच काही लिहिलेलं असतं. कापलेल्या कडेपर्यंत कॅन्सर पोचला होता का, तो किती खोल होता, लसिका ग्रंथीचं आवरण फोडून बाहेर आला होता का. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे काही कॅन्सर एचपीव्ही या विषाणूमुळे होतात. ते उलटले तरी तंबाखूमुळे झालेल्या कॅन्सरपेक्षा रुग्ण जास्त काळ जगतात. २०१४ च्या एका अमेरिकन अभ्यासात, आजार उलटल्यावर दोन वर्षांनी एचपीव्हीशी संबंधित कॅन्सरचे सुमारे ५५ टक्के रुग्ण हयात होते, इतरांचे सुमारे २८ टक्के. आपल्याकडचे गाल-जिभेचे कॅन्सर मात्र बहुतांशी तंबाखू-सुपारीचे असतात. त्यामुळे इंटरनेटवर परदेशातले आकडे वाचताना ते कोणत्या कॅन्सरचे आहेत, हे आधी पाहा.

रुग्णाची तब्येत. वजन किती उतरलं आहे, रक्त किती आहे, मधुमेह आटोक्यात आहे का, फुप्फुसं आणि हृदय कसं आहे, रुग्ण स्वतःची कामं स्वतः करतो का. मोठी शस्त्रक्रिया किंवा केमोथेरपी झेपेल की नाही, हे वयापेक्षा या गोष्टींवर जास्त ठरतं.

यातलं आपल्या हातात काय आहे?

गाठीचा स्वभाव, जागा आणि आधी झालेले उपचार आता बदलता येत नाहीत. बदलता येतं ते तीन ठिकाणी : उलटलेला आजार लवकर पकडणं, शरीर धडधाकट ठेवणं आणि तंबाखू सोडणं. यातल्या पहिल्याच गोष्टीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅन्सर उलटतो तो बहुतांशी पहिल्या दोन वर्षांत. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर दोन ते सहा महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत चार ते आठ महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासणी, असं साधारण वेळापत्रक असतं. पण आपल्या लोकांचं चित्र काय असतं? शेवटचा उपचार झाला, टाके निघाले, जेवण जाऊ लागलं, की ‘आता बरं वाटतंय’ म्हणून फाइल कपाटात जाते. गावाहून शहरात यायचं म्हणजे प्रवास, सोबत येणाऱ्याचीही मजुरी बुडणार, त्यात पेरणी किंवा काढणीचे दिवस. आणि खरं कारण अनेकदा भीती असतं : ‘गेलो आणि काही निघालं तर?’

या अडचणी खऱ्या आहेत. त्यामुळे रुग्णाला नुसतं रागावून उपयोग नाही. तपासणीला येणं हा उपचाराचाच भाग आहे, हे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगायला हवं. तारीख चुकवलेल्या रुग्णाला रुग्णालयातून फोन जायला हवा. गावाजवळच्या दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला पत्र देऊन मधल्या तपासण्या तिथे करून घेता येतात. दरवेळी मुंबई-पुण्याला यायलाच हवं असं नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नुसत्या ठरल्या तारखांना येण्याने आयुष्य वाढतंच, असा ठाम पुरावा नाही. उलटलेले अनेक कॅन्सर ठरलेल्या तपासणीत सापडत नाहीत, तर रुग्णाला काहीतरी जाणवतं म्हणून सापडतात. म्हणूनच मी रुग्णांना सांगतो, की कार्डावरची तारीख ही जास्तीत जास्त थांबायची मुदत आहे. त्याआधी काही वेगळं वाटलं, तर तारखेची वाट पाहू नका.

वेगळं म्हणजे काय? दोन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा. मानेत नवी गाठ. तोंड आधीपेक्षा कमी उघडणं. आवाज बसणं. गिळताना अडकणं किंवा दुखणं. थुंकीत रक्त. विनाकारण वजन उतरणं. आणि सर्वांत फसवं लक्षण, एकाच बाजूचा कान दुखणं. घशाची आणि कानाची संवेदना वाहून नेणाऱ्या नसा जोडलेल्या असतात, त्यामुळे जिभेच्या मुळाशी असलेला कॅन्सर कानात ठणकतो. कानात औषधाचे थेंब टाकत महिना घालवू नका.

घरी आठवड्यातून एकदा, दात घासून झाल्यावर, आरशासमोर उजेडात तोंड उघडून दोन्ही गाल, जिभेच्या कडा, हिरड्या पाहा आणि बोटांनी मान चाचपा. दोन मिनिटांचं काम आहे.

तंबाखू : आता सोडून काय उपयोग?

‘व्हायचं ते होऊन गेलं, आता सोडून काय होणार?’ हे वाक्य नेहमी ऐकू येतं. उपयोग आहे. सोडल्यामुळे जखमा चांगल्या भरतात, रेडिएशन अधिक प्रभावी ठरतं, भूल देताना धोका कमी होतो आणि दुसऱ्या नव्या कॅन्सरची शक्यता घटते.

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरीही २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातले सुमारे २४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. यात मशेरी लावणाऱ्या बायकाही आल्या. ‘मी खात नाही, फक्त दात घासते’ ही समजूत चुकीची आहे. मशेरीही तंबाखूच आहे. साधी सुपारीही निरुपद्रवी नाही. एकट्याने सोडणं जमत नसेल, तर तंबाखूमुक्तीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे : १८००-११-२३५६.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तर

तेव्हा औषधोपचारांचा विचार होतो. इथे ‘मध्यक आयुर्मान’ असा शब्द कानावर पडतो. मध्यक १० महिने म्हणजे निम्मे रुग्ण १० महिन्यांपेक्षा कमी आणि निम्मे जास्त जगले. ती तुमची मुदत नव्हे. काही जण त्यापुढे वर्षानुवर्षं जगतात, तर काहींना तेवढाही काळ मिळत नाही.

टाटा मेमोरियलच्या दोन अभ्यासांचा इथे उल्लेख करायला हवा, कारण ते आपल्या लोकांच्या खिशाचा विचार करून झाले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या स्वस्त, तोंडाने घ्यायच्या गोळ्यांची तुलना सलाइनमधून देण्याच्या सिस्प्लॅटिनशी केली. गोळ्या घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान ७.५ महिने होतं, सिस्प्लॅटिन घेणाऱ्यांचं ६.१ महिने. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांचे कमी होते. २०२२ मध्ये त्यांनी अशा गोळ्यांना (त्यात अर्लोटिनिबही होतं) निवोलुमॅब या इम्युनोथेरपीच्या अगदी लहान डोसची जोड दिली. नेहमीच्या डोसच्या दहाव्या भागाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम. वर्षानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं.

हे उपचार कॅन्सर मुळापासून बरा करणारे नाहीत आणि प्रत्येकाला लागू पडतील असंही नाही. पण ‘लाखो रुपये नसतील तर काहीच नाही’ हे खरं नाही. शेत विकण्याआधी किंवा कर्ज काढण्याआधी विचारा : या औषधाने सरासरी किती फायदा अपेक्षित आहे? कमी डोसचा किंवा गोळ्यांचा पर्याय आहे का? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का?

थांबण्याचा निर्णयही उपचारच

दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. रेडिएशन झालेल्या जागी जखमा सहज भरत नाहीत, मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून रक्तस्रावाचा धोका असतो, जीभ किंवा जबड्याचा मोठा भाग जाऊ शकतो. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ हा समज मात्र खोटा आहे. गाठ पूर्ण निघण्यासारखी असेल आणि तब्येत साथ देत असेल, तर या भीतीपोटी शस्त्रक्रिया नाकारू नका. गाठ पूर्ण निघणारच नसेल, तर अर्धवट शस्त्रक्रियेने आयुष्य वाढत नाही. उरलेले दिवस अतिदक्षता विभागात जातात.

अशा वेळी वेदनाशमन आणि पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे परिहार सेवा, लवकर सुरू करा. मॉर्फीन डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित आहे. ते ‘शेवटचं औषध’ नाही. दुखणं थांबलं की झोप लागते, चार घास जातात, घरच्यांशी बोलता येतं.

आणि हे सगळं रुग्णाला माहीत असायला हवं. घरचे मायेपोटी लपवतात, पण गाठ त्याच्या अंगावर आहे, त्याला कळतंच. मग तो एकटाच मनात कुढत बसतो. जीभ गमवायची की नाही, आवाज द्यायचा की नाही, याचा निर्णय ज्याची जीभ आणि ज्याचा आवाज आहे, त्यालाच घेऊ द्या. त्याला किती जाणून घ्यायचं आहे ते आधी विचारा, आणि तेवढं खरं सांगा.

डॉक्टरांना विचारायचे प्रश्न

१. हा जुनाच कॅन्सर आहे की नवा? बायोप्सी झाली आहे का?
२. तो फक्त त्याच जागी आहे, मानेत आहे की शरीरात इतरत्रही आहे?
३. शस्त्रक्रियेने पूर्ण निघेल का? त्यात काय काय गमवावं लागेल?
४. पुन्हा रेडिएशन देता येईल का?
५. उपचाराचा हेतू काय आहे : बरं करणं, आयुष्य वाढवणं की त्रास कमी करणं?
६. उपचार घेतले तर आणि न घेतले तर, पुढचे महिने कसे असतील?
७. सर्जन, रेडिएशन आणि केमोथेरपीचे डॉक्टर, तिघांनी मिळून ही केस पाहिली आहे का?

पहिल्या शस्त्रक्रियेचा रिपोर्ट, रेडिएशनच्या डोसची नोंद आणि सगळे स्कॅन एकाच फाइलमध्ये ठेवा आणि घरातल्या एका माणसाने ती सांभाळावी. या सात प्रश्नांची उत्तरं मिळाली, की ‘किती दिवस?’ याचं उत्तरही डॉक्टर जास्त खरेपणाने देऊ शकतात. आणि तुमच्या घरात कोणाचे उपचार होऊन गेले असतील, तर आज एवढंच करा : कपाटातली फाइल काढा आणि पुढची तारीख होऊन तर गेली नाही ना, ते पाहा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाचा आजार वेगळा असतो. उपचाराचा निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.)